पर्स कुणाची, पैसे कुणाचे?

मोजून एक्केचाळीस! माझ्याकडे आजमितीला एवढ्या पर्सेस, पिशव्या आणि बटवे आहेत. कपाटाचा खालचा खण त्यांचा, दिवाणाच्या पोटातली अर्धी जागाही त्यांचीच. महागडी म्हणावी अशी त्यात एकही नाही. सूनबाई म्हणते, "आई, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता एवढ्या पर्सेस घेऊन जाता तरी कुठे?" प्रश्न रास्त आहे. भाजीला, बँकेत, वाचनालयात आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे, एवढंच माझं जाणं-येणं. तरीही दर दोन महिन्यांनी (पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, मुंबईची बुरशी कुणाला सोडते!) मी सगळ्या बाहेर काढते, पुसते, उन्हात ठेवते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून परत जागेवर लावते. अहो पेपर वाचता वाचता चष्म्यावरून बघतात आणि मुकाट्याने खुर्ची सरकवून जागा करून देतात.

पण खरं सांगू? ओळीने मांडल्या ना, की त्यात आमच्या घरातल्या तीन पिढ्या दिसतात. पर्सचा इतिहास म्हणून जो काही आहे, तो मला तरी आत ठेवलेल्या पैशांचाच इतिहास वाटतो. म्हणजे ते पैसे नक्की कुणाचे, याचा.

सगळ्यात जुना आहे आजीचा बटवा. खणाच्या कापडाचा, दोन्ही बाजूंचे गोंडे ओढले की तोंड मिटणारा. त्यात सुंठ, ओवा, लवंग, जायफळ. 'आजीबाईचा बटवा' हा शब्द मराठीत उगीच नाही आला. त्याच्याच शेजारी आजोबांची चंची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून ठेवायची. तिच्यात पान, सुपारी, कात, चुना. गंमत बघा, दोन्हींत पैसे नसत! आजोबांचे पैसे धोतराच्या कनवटीला. आणि आजीचे? पदराच्या टोकाला मारलेल्या गाठीत. तेही बाजाराला जाताना आजोबांनी मोजून दिलेले, आणि आल्यावर उरलेले परत करायचे. म्हणजे गाठ आजीच्या पदराची, आतले आणे मात्र आजोबांचे.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका हं. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात पुरुषांच्या कपड्यांना शिवलेले खिसे असत. बायका मात्र दोन सुट्या कापडी पिशव्या नाडीने कमरेला बांधत, त्याही घेरदार झग्याच्या आत. झग्याला शिवणीत फट ठेवलेली असे, तिच्यातून हात घालायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी फॅशन बदलली. अंगाबरोबरचे, तलम, छातीखालूनच सुटणारे झगे आले आणि आत पिशवी ठेवायला जागाच उरली नाही. मग ती बाहेर आली, हातात लोंबकळू लागली. तिचं नाव 'रेटिक्यूल', पण लोक चेष्टेने तिला 'रिडिक्यूल' म्हणजे हास्यास्पद म्हणत. आजच्या पर्सची ही पणजी!

आता त्याच देशांतली दुसरी गोष्ट. मिलिसंट फॉसेट या इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोठ्या पुढारी. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्यांची पर्स चोराने मारली. चोर पकडला गेला. कोर्टात आरोप वाचला गेला तेव्हा त्यात पर्स मिलिसंटबाईंकडून चोरली असं होतं, पण ती 'हेन्री फॉसेट यांच्या मालकीची' असंही होतं! हेन्री म्हणजे त्यांचे यजमान. भला माणूस, स्वतः अंध, केंब्रिजला अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि पार्लमेंटात हिंदुस्थानच्या प्रश्नांवर इतकं बोलणारा की त्याला 'मेंबर फॉर इंडिया' म्हणत. बायकोच्या हक्कांच्या बाजूचाच माणूस. पण कायद्यापुढे त्याच्या भलेपणाचा काय उपयोग? लग्न झालेल्या बाईची पर्स ही नवऱ्याची मालमत्ता होती. बाईंनी पुढे लिहून ठेवलंय की ते ऐकताना जणू आपल्यावरच चोरीचा आळ आल्यासारखं वाटलं.

इंग्लंडमध्ये १८७० साली कायदा झाला आणि विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची ठरली. १८८२ साली बाकीची मालमत्ताही तिची झाली. आपल्याकडे सरकारने १८७४ मध्ये असाच कायदा केला, पण त्यातून हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना वगळलं! मग उरलं कोण, हे तुम्हीच मोजा. हिंदू बाईच्या ताब्यातली मालमत्ता ही पूर्णपणे तिच्या मालकीची, असं स्पष्ट लिहायला १९५६ चा वारसा कायदा यावा लागला. माझी आई तेव्हा लग्न होऊन एका मुलीची आई झालेली होती. (ती मुलगी म्हणजे मी.)

आई नऊवारीतून पाचवारीत आली. पण तिच्याकडे पर्स नव्हती. महिन्याच्या खर्चाचे पैसे वडील देत, रोज रात्री वहीत हिशोब लिहायचा. त्यातून वाचवलेलं तांदळाच्या डब्यात, तळाशी, कागदात गुंडाळून. वडील वाईट नव्हते हो, पद्धतच तशी होती.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे शाखा वाढल्या, भरती वाढली, आणि १९७६ मध्ये मीही एका बँकेत क्लार्क म्हणून चिकटले. पहिल्या पगारात दादरहून दोन पर्सेस घेतल्या, दोन्ही काळ्या रेक्झिनच्या. एक मला, एक आईला. आईने ती उलटसुलट करून पाहिली, उघडून वास घेतला आणि म्हणाली, "छान आहे गं. पण मी यात ठेवू काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तिला घेऊन शाखेत गेले आणि तिच्या एकटीच्या नावाने बचत खातं उघडलं. तांदळाच्या डब्यातले पैसे त्यात भरले. त्या दिवसापासून आई कोथिंबीर आणायला गेली तरी पर्स काखेत, आणि पर्समध्ये पासबुक! "कशाला मिरवतेस?" असं वडील म्हणायचे. "असू दे," एवढंच ती म्हणायची. ती पर्स आता माझ्याकडे आहे. तिचं रेक्झिन सोलवटलंय, चेन अडकते. एक्केचाळिसांतली सगळ्यात कुरूप, आणि तीच मी सगळ्यात जपून पुसते.

माझ्या नोकरीच्या पर्सेस सगळ्या खांद्याच्या, लांब पट्ट्यांच्या. १९५५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला कोको शनेलने खांद्याला अडकवायची साखळीवाली पर्स काढली, बाईचे हात मोकळे राहावेत म्हणून. तिने मुंबईची लोकल पाहिली असती तर पट्टा चांगला दुहेरी शिवला असता. लेडीज डब्यात एका हाताने कडी धरायची, दुसऱ्याने मेथी निवडायची, आणि पर्स पोटाशी. आत पास, डबा, फोल्डिंगची छत्री, टिकल्यांचं पाकीट, सेफ्टी पिना, बाम, मुलाच्या शाळेच्या फीची पावती. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. अख्खी गाडी बायकांची, आणि प्रत्येकीच्या खांद्याला आपल्या पगाराची पर्स! मला ते दृश्य एखाद्या मिरवणुकीसारखं वाटायचं.

संग्रहाचं वेड माझं एकटीचं नाही, हेही सांगून टाकते. हॉलंडमध्ये हेंड्रिक्ये इवो नावाच्या बाईंनी जमवलेल्या पर्सेसचं १९९६ मध्ये संग्रहालय झालं. २००७ साली ते अ‍ॅमस्टरडॅमला कालव्याकाठच्या जुन्या वाड्यात गेलं. तिथे पाच हजारांवर पर्सेस होत्या. २०२० साली कोविडच्या काळात ते बंद पडलं. ती बातमी वाचून मला दोन दिवस चुटपुट लागली होती. सूनबाईला म्हटलं, पाच हजारांपुढे माझ्या एक्केचाळीस म्हणजे किस झाड की पत्ती!

आता तर पर्सचीच गरज सरत चाललीय म्हणतात. पैसे फोनमध्ये असतात. भाजीवालीसुद्धा कोड दाखवते. सोय आहे, मीही वापरते. पण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र मला आठवते. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका एकेक करून माझ्याकडे, 'बँकेतल्या काकूं'कडे, स्लिपा भरून घ्यायला येऊ लागल्या. साड्यांच्या घड्यांतून, डाळीच्या डब्यांतून, जुन्या पर्सच्या फाटक्या अस्तरातून निघालेल्या नोटा. दोघींनी हळूच विचारलं, "काकू, घरी कळणार नाही ना?" आईचा तांदळाचा डबा साठ वर्षांनीही रिकामा झाला नव्हता. २०१४ साली जनधन योजना आली, त्यातली निम्म्याहून जास्त खाती बायकांच्या नावावर आहेत. उत्तमच झालं. पण खातं बाईचं आणि पिन नवऱ्याला पाठ, असं असेल तर आपण पुन्हा वॉटर्लू स्टेशनवरच उभ्या आहोत!

असो. हल्ली मी एकेक पर्स वाटून टाकतेय. भाच्यांना, पुतणीला, आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंच्या मुलीला. आपल्याकडे रिकामी पर्स भेट देत नाहीत, निदान एक रुपया तरी घालतात. मीही घालते. आणि ज्या मुलीचं स्वतःच्या नावाचं खातं नाही, तिला सांगते की आधी फॉर्म भरून ये, मग पर्स घेऊन जा. आतापर्यंत दोघी भरून आल्या. आईची काळी मात्र कुणालाच देणार नाही, मागूही नका :-)