ॲक्शन कॅमेऱ्याच्या चित्रणाचे घरगुती संकलन : एक क्रमबद्ध विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

हेल्मेटवर, छातीवर किंवा हँडलबारवर बसवलेला ॲक्शन कॅमेरा आज दुचाकीस्वार, सायकलपटू आणि ट्रेकर यांच्या सामानात सर्रास दिसतो. चित्रण सहज होते, पण त्यातले पुष्कळसे मेमरी कार्डावरून हार्ड डिस्कवर जाते आणि तिथेच पडून राहते. संकलनाला बसलेला नवशिका बहुधा दोन ठिकाणी अडतो. टाइमलाइनवर क्लिप टाकताच संगणक अडखळू लागतो, ही पहिली जागा. ते सोसून पुढे गेल्यावर तासन्‌तासांच्या चित्रणातून काय ठेवावे हे कळत नाही, ही दुसरी. पहिल्या अडचणीवर नवा संगणक घ्यावा आणि दुसरीवर महागडे सॉफ्टवेअर घ्यावे, असे सल्ले त्याला मिळतात.

या लेखाचे प्रतिपादन असे की दोन्ही अडचणींचे मूळ या चित्रणाच्या स्वरूपात आहे, आणि कामांचा क्रम नीट लावल्यास साध्या घरगुती संगणकावरही त्या सुटतात. क्रमामागचे तत्त्व एकच आहे: जड प्रक्रियेला हात घालण्यापूर्वी सामग्री कमी करावी. उदाहरणासाठी पावसाळ्यात पुण्याहून पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून माणगावला जाणारा दुचाकीस्वार आणि त्याच्या हेल्मेटवरचे दोन तासांचे चित्रण डोळ्यांसमोर ठेवू.

२. चित्रणाची तीन लक्षणे

पहिले लक्षण दाट संकोचनाचे. फोर-के चित्राची एक फ्रेम ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदूंची असते. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरल्यास एक फ्रेम जवळपास २५ मेगाबाइट होते, आणि सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्यावर एका सेकंदाचे चित्र ७५० मेगाबाइटच्या घरात जाते. कॅमेरा मात्र सेकंदाला १०० मेगाबिट दराने साठवत असेल, तर एका मिनिटाचे चित्रण ७५० मेगाबाइटमध्ये बसते. पडद्यावर एका सेकंदाला जेवढी माहिती उलगडते, तेवढ्याच जागेत कार्डावर पूर्ण मिनिट मावते. आपल्या दोन तासांच्या चित्रणाला या हिशेबाने ९० गिगाबाइट जागा लागेल.

हे संकोचन एच.२६४ किंवा त्यानंतर आलेल्या एचईव्हीसी या पद्धतीने होते. ठरावीक अंतराने एक फ्रेम पूर्ण साठवली जाते आणि मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः बदल तेवढे नोंदले जातात. दुकानाच्या वहीत अधूनमधून पूर्ण शिल्लक मांडून एरवी फक्त जमा-खर्च लिहावा, तशी ही रीत आहे. मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल तर मागच्या पूर्ण शिलकेपासून बेरीज-वजाबाकी करत यावे लागते. सरळ पाहताना हा हिशेब ओघात होतो. संकलनात मात्र आपण मागे जातो, पुढे उडी मारतो, एकाच जागी घुटमळतो, आणि प्रत्येक उडीला संगणकाला हिशेब नव्याने करावा लागतो.

दुसरे लक्षण अखंडतेचे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे बटण दाबताना माणूस काहीतरी निवडत असतो. हेल्मेटवरचा कॅमेरा एकदा सुरू केला की पेट्रोल पंपावरची रांग आणि धबधब्याचे वळण त्याला सारखेच. निवड झालेलीच नसते. ती पूर्णपणे संकलनावर सोपवलेली असते.

तिसरे लक्षण रुंद भिंगाचे आणि सततच्या हालचालीचे. रुंद भिंग दूरचा डोंगर लहान करते, कडेच्या सरळ रेषा वाकवते आणि समोरचा रस्ता संथ भासवते. पुढच्या विभागांतले निर्णय या तीन लक्षणांतून निघतात.

३. संगणकाचा खरा अडथळा

संगणक अडखळला की आधी डिस्कवर संशय घेतला जातो. गणित मात्र वेगळे सांगते. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्कही सलग वाचताना याच्या कित्येक पट वेग देते. अडथळा फायली वाचण्यात कमी आणि त्या उलगडण्यात जास्त असतो. म्हणून प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात त्या पद्धतीचे व्हिडिओ उलगडणारे खास सर्किट आहे का, हे आधी तपासावे. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये १० बिटचे एचईव्हीसी उलगडण्याची सोय आहे. त्याआधीच्या यंत्रांत हा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि तिथे चित्र थांबत थांबत चालते.

सर्किट नसले तरी मार्ग आहे, तो प्रॉक्सीचा. मूळ क्लिपची कमी आकाराची, सहज उलगडणारी नक्कल तयार करायची, संकलन तिच्यावर करायचे आणि शेवटी बाहेर काढताना सॉफ्टवेअरला मूळ क्लिप वापरू द्यायची. १२८० × ७२० ची प्रॉक्सी घेतली तर बिंदूंची संख्या फोर-केच्या बरोबर एक नवमांश होते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये आणि डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. नवशिक्याने सॉफ्टवेअर निवडताना संक्रमणांच्या आणि इफेक्टच्या याद्या न पाहता प्रॉक्सीची सोय किती सरळ आहे ते पाहावे.

गोप्रोच्या बहुतेक मॉडेलमध्ये आणखी एक मदत कार्डावरच असते. मूळ फाइलशेजारी कॅमेरा एलआरव्ही ही कमी आकाराची फाइल स्वतःहून लिहितो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये ती चालते. दोन तासांचे चित्रण पहिल्यांदा पाहून टिपणे काढायला ती पुरेशी आहे; त्यासाठी जुना लॅपटॉपही चालेल.

४. उतरवणे आणि मांडणी

कार्डावरून थेट संकलन करू नये. आधी संपूर्ण कार्ड तारीख आणि ठिकाणाच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवावे, दुसऱ्या डिस्कवर तशीच प्रत करावी, दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात आणि मगच कार्ड रिकामे करावे.

लांबलचक चित्रण कॅमेरा तुकड्यांत विभागतो. अनेक गोप्रो मॉडेलमध्ये हा तुकडा सुमारे ४ गिगाबाइटचा असतो. त्यांच्या नावातले पहिले दोन अंक तुकड्याचा क्रम आणि शेवटचे चार अंक चित्रणाचा क्रम दाखवतात. जीएक्स०१००३४ चा पुढचा तुकडा जीएक्स०२००३४ असतो, जीएक्स०१००३५ नसतो. नावाप्रमाणे लावल्यास प्रवास उलटसुलट होतो; म्हणून आधी शेवटचे चार अंक जुळवावेत.

प्रकल्पाच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, तो कुठे ठेवला आहे एवढा पत्ता असतो. काम सुरू झाल्यावर फोल्डरचे नाव बदलले की सॉफ्टवेअरला क्लिप सापडत नाहीत. त्यामुळे मांडणी आधी पक्की करावी.

टाइमलाइनचा फ्रेम दरही याच टप्प्यावर ठरवावा. चित्रण सेकंदाला ५० फ्रेमचे असेल तर २५ ची टाइमलाइन सोयीची, कारण प्रत्येक दुसरी फ्रेम गाळली की नेहमीचा वेग मिळतो आणि सगळ्या फ्रेम वापरल्या की निम्म्या वेगाची स्वच्छ मंदगती मिळते. ६० फ्रेमचे चित्रण २५ मध्ये बसवताना फ्रेम असमान अंतराने गळतात आणि हालचालीत बारीक हिसके दिसतात. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे दिव्यांच्या उजेडात चित्रण असेल तर २५ किंवा ५० फ्रेमवर लुकलुकही टाळता येते.

५. निवड

संकलनाचा गाभा इथे आहे आणि वेळही इथेच द्यावा. पहिल्या फेरीत सगळे चित्रण दुप्पट वेगाने पाहून ज्या जागी डोळा थांबला तिथे खूण करावी. दुसऱ्या फेरीत फक्त खुणा पाहाव्यात आणि त्यांची तीन गटांत वाटणी करावी: जागा दाखवणारे, घडणारे आणि प्रतिसादाचे. मुळशीच्या जलाशयाचा काठ ही जागा, धुक्यातून अचानक समोर आलेला ट्रक ही घटना, आणि टपरीवर चहाचा ग्लास धरलेले भिजलेले हात हा प्रतिसाद. एक गट रिकामा राहिला तर चित्रफीत कुठे अपुरी पडणार हे आधीच समजते.

नवशिक्याचा मोह प्रवास संपूर्ण ठेवण्याचा असतो. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटाचे सहा निकष सांगताना भावनेला पहिले, कथेला दुसरे आणि लयीला तिसरे स्थान दिले. अवकाशातल्या सलगतेला त्यांनी शेवटी ठेवले. ॲक्शन कॅमेऱ्याच्या संकलनात नेमका हाच क्रम उलटतो. प्रत्येक वळण ठेवले जाते आणि घाट उतरतानाची धास्ती त्यात हरवते. प्रेक्षकाला रस्त्याचा नकाशा नको असतो, त्याला त्या रस्त्यावर असण्याचा अनुभव हवा असतो.

रुंद भिंगाचा नियमही निवडीत पाळावा. वेगाचा भास फ्रेमच्या कडेने होतो, मधोमध होत नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावरचा मोठा वेग पडद्यावर संथ वाटतो, तर झाडी, कठडे आणि दरड कडेने सरकत असताना बेताचा वेगही भरधाव वाटतो. म्हणून गती दाखवायला अरुंद रस्ता घ्यावा.

६. जोड

हेल्मेटवरच्या चित्रणात दृष्टिकोन सतत एकच असतो. एकाच दिशेचे दोन तुकडे शेजारी ठेवले की चित्र उडी मारते. यावर तीन उपाय आहेत. एक, स्वाराने मान वळवली त्या क्षणी कट घ्यावा. चित्र पुसट झालेले असते आणि त्या हालचालीत जोड झाकला जातो. दोन, मध्ये वेगळ्या जागेवरचे चित्र घालावे, मग ते हँडलबारवरचे असो किंवा मोबाइलवर काढलेले. तीन, आवाज चित्राच्या आधी आणावा: धबधबा दिसण्यापूर्वी त्याचा आवाज सुरू झाला की कान पुढच्या दृश्यात पोहोचलेले असतात आणि डोळे कट सहज स्वीकारतात.

फिरत्या, उलगडत्या संक्रमणांची इथे गरज नसते. मूळ चित्रातच एवढी हालचाल असते की साधा कट सर्वांत शांत ठरतो.

७. स्थिरीकरण, रंग आणि आवाज

या प्रक्रिया जड आहेत, म्हणूनच त्या निवडीनंतर येतात. दोन तासांवर स्थिरीकरण चालवणे आणि निवडलेल्या सहा मिनिटांवर चालवणे यांत वीसपट अंतर आहे.

स्थिरीकरणात सॉफ्टवेअर हालचालीच्या उलट दिशेने चित्र सरकवते आणि रिकाम्या पडणाऱ्या कडा कापते. चौकट त्या प्रमाणात लहान होते. गोप्रोने २०१८ च्या हिरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आणल्यापासून हे काम कॅमेऱ्यातच बऱ्यापैकी होऊ लागले. कॅमेऱ्यात स्थिर केलेल्यावर पुन्हा स्थिरीकरण लावू नये, चित्र तरंगू लागते. कॅमेऱ्यातली सोय बंद ठेवली असेल तर गायरोफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर फाइलमध्ये नोंदलेल्या जायरोस्कोपच्या आकड्यांवरून स्थिरीकरण करते. त्यासाठी मूळ फाइलच द्यावी, कारण पुन्हा एन्कोड केलेल्या प्रतीत हे आकडे बहुधा उरत नाहीत. स्थिरीकरणाची मर्यादाही ओळखावी. धुक्यात, दाट झाडीखाली उजेड कमी असतो, शटर जास्त वेळ उघडे राहते आणि धक्क्याबरोबर चित्र पुसट होते. स्थिरीकरण चौकट सरळ करते, आतली पुसटता तशीच राहते. असा तुकडा सोडून द्यावा.

रंगात क्रम असा: आधी श्वेतसंतुलन, मग उजेड, मग गडद-फिक्यातला फरक आणि शेवटी रंगांची तीव्रता. पावसाळी सह्याद्रीत हिरवा रंग आधीच चौकट भरून टाकतो. तीव्रता वाढवली की पानांचे बारकावे नाहीसे होऊन एकच हिरवा थर दिसतो. धुक्याची अडचण वेगळी. ८ बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. धुक्याच्या पडद्यात उजेड अतिशय हळू बदलतो, तिथे ८ बिट चित्र जास्त ताणले तर पायऱ्यांचे पट्टे उमटतात. धुके आहे तेवढे फिके राहू द्यावे.

आवाजात वाऱ्याची घरघर प्रामुख्याने खालच्या कंपनांत असते. सुमारे १०० हर्ट्झखालचा भाग गाळणारा फिल्टर लावला की ती पुष्कळ कमी होते. आवाज चित्रणाच्या वेळीच फाटला असेल तर तो दुरुस्त होत नाही. दुसऱ्या तुकड्यातला पावसाचा किंवा इंजिनाचा आवाज तिथे घालावा. संगीत वापरण्याची परवानगी असलेलेच घ्यावे, आणि ते सगळीकडे पसरू नये. पावसाच्या आवाजाला स्वतःची लय असते. संगीत सतत वाजत राहिले तर ती ऐकूच येत नाही.

८. बाहेर काढणे आणि जपणे

चित्रफीत बाहेर काढताना प्रॉक्सी बंद असून मूळ क्लिप वापरल्या जात आहेत ना, हे तपासावे. घरी पाहायला आणि पाठवायला एमपी४ फाइल आणि एच.२६४ हा सर्वत्र चालणारा पर्याय आहे. युट्यूबची शिफारस १९२० × १०८० आणि २५-३० फ्रेमसाठी सेकंदाला ८ मेगाबिट, तर फोर-केसाठी ३५ ते ४५ मेगाबिट अशी आहे. ८ मेगाबिट दराने सहा मिनिटांची फीत ३६० मेगाबाइटची होते. बाहेर काढलेली फीत पुन्हा आत घेऊन कापू नये. प्रत्येक फेरीत संकोचन नव्याने होते आणि चित्र झिजते. बदल हवा असेल तर प्रकल्पात करून मूळ क्लिपांवरून पुन्हा काढावी.

जतन करताना मूळ निवडक क्लिप, प्रकल्पाची फाइल आणि अंतिम फीत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी. प्रॉक्सी पुन्हा बनवता येते, ती पुसली तरी चालते.

९. निष्कर्ष

वरच्या क्रमात प्रत्येक टप्पा पुढच्याचे ओझे हलके करतो. प्रॉक्सीमुळे उलगडण्याचा भार घटतो, निवडीमुळे दोन तासांची सहा मिनिटे होतात, आणि स्थिरीकरण व रंग त्या सहा मिनिटांपुरतेच उरतात. उलट क्रमाने गेल्यास तेच यंत्र रात्रभर चालूनही अपुरे पडते. संगणक नवा असेल तर थांबावे कमी लागते, पण नव्वद गिगाबाइटमधून काय राखायचे हे तो सांगू शकत नाही.

नवशिक्याने पहिल्या खेपेला पूर्ण प्रवास हाती घेऊ नये. दहा मिनिटांचे चित्रण निवडावे, त्यावर हे सर्व टप्पे याच क्रमाने करावेत आणि एका मिनिटाची फीत पूर्ण करावी. उतरवण्यापासून बाहेर काढण्यापर्यंतची सगळी वाट एकदा चालून झाली की पुढच्या चित्रणाच्या वेळी कॅमेरा कुठे बसवावा, कधी बंद करावा आणि मान कधी वळवावी हेही कळू लागते. संकलन शिकणाऱ्याचे चित्रणही सुधारते, आणि हा त्याच्या कष्टांचा सर्वांत मोठा मोबदला आहे.