तोफेच्या पोटातला धूर

आमचं आजोळ अंबरनाथच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचं. आजोबा ऑर्डनन्समध्ये, पितळेच्या खात्यात. त्यांचे धाकटे भाऊ, तात्या, बदलापुरातून थेट रणगाड्यांवर गेले. नगरला शिकले आणि 'विजयंता'वर लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारे, झाले. रेजिमेंट कुठली, हे आता घरात कुणालाच धड आठवत नाही. त्यांचा उल्हासनगर कॅम्पातला सिंधी दोस्त आणायचा ते दाल-पकवान मात्र सगळ्यांना आठवतं!

आजी चुलीवर सुकट भाजायला घ्यायची आणि घरभर धूर. तात्या खोकत म्हणायचे, "वयनी, कौल तरी सरकवा. याच्यापेक्षा आमचा रणगाडा बरा."

बरा म्हणजे काय, तर लोखंडी पेटीत चार माणसं आणि 105 मिलिमीटरची तोफ. बार झाला की ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार, उघडायचं, गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं, म्हणजे केस, आत पडायचं, तापलेलं, धुमसणारं. त्यातून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं ठणकायला लागतं, हात जड होतात, पुढचा गोळा उचलवत नाही. म्हणून पंखा लागतोच. पण खरी करामत तोफेच्या नळीवर. अजगरानं बकरू गिळावं तसा तिथं फुगवटा असतो. तात्या लाटणं धरून समजवायचे: नळीला आतून बारीक भोकं, तोंडाकडे तिरकी. गोळा पुढे गेला की दाबाचा वायू त्यांतून फुगवट्यात शिरतो. गोळा बाहेर पडून नळीतला दाब उतरला, की तोच वायू तोंडाच्या दिशेनं उसळतो आणि मागचा धूर ओढत नेतो. मोटर नाही, बटण नाही.

इथं आजोबांना राहवायचं नाही. "आणि आमचं पितळ?" बार होताना केस फुगून भोवतीच्या पोलादाला घट्ट बसतं, वायू मागे फिरकू देत नाही, दाब उतरला की आकसतं, म्हणून सुटून येतं. त्यासाठी ते तोंडाशी मऊ आणि बुडाशी कडक हवं. तात्यांच्या रणगाड्यातली केसं आपल्याच हातची, असं आजोबा ठासून सांगत. तात्या नुसते मिशीत हसत.

2021 मध्ये आजोबांची फॅक्टरी 'यंत्र इंडिया' कंपनीत गेली. अंबरनाथचीच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी रणगाड्यांच्या कंपनीत. त्याआधीच कधीतरी मी तात्यांना टी-72 रणगाड्याबद्दल वाचून दाखवलं होतं. त्यात केस बहुतेक जळूनच जातं, उरलेलं बूड यंत्र मागच्या झडपेतून बाहेर भिरकावतं. गोळाही यंत्रच भरतं.

"मग लोडर?"

"लोडर नाहीच. तिघंच जण."

"मग चहा कोण करतो?"