बालाटनकाठची सुट्टी



उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोटारीच्या टपावर तंबू बांधावा, मागच्या बैठकीवर मुलांना दाटीवाटीने बसवावे आणि परमुलखातील एखाद्या सरोवराच्या काठी पंधरा दिवस मुक्काम ठोकावा, ही गोष्ट इतिहासाच्या ग्रंथात नोंदविण्याजोगी कोणासही वाटणार नाही. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजवाडे उभे राहतात. परंतु १९८९ सालच्या उन्हाळ्यात मध्य युरोपातील एक राज्य हादरले, आणि त्या हादऱ्यात अशा सुट्टीवर गेलेल्या कुटुंबांचा वाटा फार मोठा होता. त्याच सुट्टीची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, हे आपणांस विदित आहेच. पूर्वेकडील भागात १९४९ साली कम्युनिस्ट राज्य स्थापन झाले आणि ऑगस्ट १९६१ मध्ये त्याने बर्लिन शहरात भिंत उभारून आपल्या प्रजेची पश्चिमेकडील वाट बंद केली. सुट्टी मात्र बंद केली नव्हती. बाल्टिक समुद्राच्या काठी तंबू ठोकून राहण्याची तेथील लोकांना मोठी हौस. जागा थोड्या व मागणारे फार, म्हणून त्यासाठीही परवाना काढावा लागे. परदेशी जावयाचे तर मित्रराष्ट्रांतच. पोलंड व चेकोस्लोव्हाकिया येथे १९७२ पासून व्हिसावाचून जाता येऊ लागले. पैकी पोलंडचे दार १९८० साली, तेथील कामगार चळवळीचा संसर्ग नको म्हणून, पुन्हा लावून घेण्यात आले. हंगेरीस जाण्यासाठी पोलिसांकडून प्रवासपत्र मिळवावे लागे. ते बहुधा मिळे.

या प्रवासाचे वाहन म्हणजे बहुतकरून ट्राबांट नावाची चिमुकली मोटार. त्स्विकाऊ येथील कारखान्यात ती १९५७ पासून तयार होऊ लागली. पोलादाची टंचाई, म्हणून तिचे बाह्यांग कापसाच्या टाकाऊ तंतूंत राळ मिसळून, दाबून बनवीत. इंजिन अवघ्या २६ अश्वशक्तीचे. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे आणि गाडीमागे निळसर धुराची शेपटी सुटे. टाकीत पेट्रोल किती उरले हे दाखविणारा काटा बहुतेक गाड्यांत नसे. झाकण उघडून आत पट्टी बुडवून पाहावयाचे. या गाडीची थट्टा साऱ्या जगाने केली आहे. मला मात्र ती करवत नाही. कारण नाव नोंदविल्यापासून ती हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक, वाट पाहावी लागे. वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. जी वस्तू मिळविण्यात तारुण्याची इतकी वर्षे खर्ची पडली, ती एके दिवशी रस्त्याच्या कडेस सोडून चालू लागणे म्हणजे काय, हे पुढील हकीकत ऐकताना श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

बालाटन हे हंगेरीतील सरोवर सुमारे ७७ किलोमीटर लांब, पण खोली सरासरी तीन मीटरच. पाणी उथळ, म्हणून ते लवकर तापते, आणि दक्षिण काठी तर लहान मुले कितीतरी आतपर्यंत चालत जातात. येथे पश्चिम जर्मनांसही येण्याची मोकळीक होती. त्यामुळे भिंतीने ताटातूट केलेले भाऊ-बहीण पत्राने दिवस ठरवून याच काठी भेटत. शेजारी शेजारी दोन तंबू. एकापुढे ट्राबांट, दुसऱ्यापुढे पश्चिमेकडील ऐसपैस मोटार. पूर्वेकडील पाहुण्यांस हंगेरीचे चलन मोजकेच बदलून मिळे, म्हणून ते मांसाचे बंद डबे व बटाटेदेखील घरूनच आणीत. एकाच आजीची नातवंडे खाऊच्या दुकानापाशी उभी राहिली की कोणाच्या खिशात काय आहे, हे त्यांस कोणी समजावून सांगावे लागत नसेल. भिंतीच्या दोन बाजूंतील अंतराचा असा धडा कोणत्याही वृत्तपत्राने दिला नसता. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनाही हे उमगले होते. त्यांची माणसे उन्हाळाभर या काठावर नेमलेली असत.

हंगेरी व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर विजेच्या इशाऱ्याचे तारेचे कुंपण होते. ते जुने झाले होते, रानातील जनावरांच्या धक्क्यानेही घंटा वाजत, आणि दुरुस्तीस लागणारी तार पाश्चात्त्य चलन मोजून आणावी लागे. शिवाय १९८८ पासून खुद्द हंगेरियन नागरिकांस जगभर फिरण्याचा पासपोर्ट मिळू लागला होता. म्हणजे हे कुंपण आता केवळ परक्यांच्या प्रजेला अडविण्यासाठी उरले होते! पंतप्रधान मिक्लोश नेमेत यांच्या सरकारने हा खर्च नाकारला, आणि २ मे १९८९ रोजी कुंपण काढण्यास आरंभ झाला. २७ जून रोजी हंगेरीचे व ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कात्री घेऊन तार तोडीत असल्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. पूर्व जर्मनीतील घरोघरी पश्चिमेकडील दूरचित्रवाणी पाहिली जाईच.

त्या वर्षी जे हंगेरीस निघाले त्यांतील काहींनी मनाशी बेत आधीच पक्का केला होता. तंबू व पोहण्याचे कपडे हे निव्वळ पोलिसांना दाखविण्यापुरते. पण कित्येक कुटुंबे खरोखरच सुट्टीस आली होती आणि त्यांना काठावर आल्यानंतर निर्णय घ्यावा लागला. तंबूच्या भिंती कापडाच्या. शेजारी कोण आहे ठाऊक नाही. म्हणून मुले निजल्यावर आवाज दाबून बोलावयाचे. घर, नोकरी, स्नेही हे तर सोडावयाचेच, पण म्हातारी आई मागे राहणार, तिला पुन्हा भेटता येईल याची शाश्वती नाही, आणि तिला निरोपाचा एक शब्दही सांगता येत नाही. शाळा १ सप्टेंबरला उघडत. तोवर परत गेले तर कोणास काही कळणार नाही. त्यानंतर मात्र वर्गातील रिकामा बाकच सारे सांगून टाकणार. पुष्कळ लोक परत गेले, हेही सांगितले पाहिजे. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

१९ ऑगस्ट रोजी शोप्रोन शहराजवळील माळावर एक वनभोजन योजिले होते. हंगेरी व ऑस्ट्रिया येथील लोकांनी एकत्र जेवावे आणि सीमेवरील एक जुने फाटक तीन तास उघडावे, एवढाच जाहीर कार्यक्रम. त्याची जर्मन भाषेतील पत्रके सुट्टीवरील लोकांच्या हाती पडली होती. दुपारी तीनच्या सुमारास शंभर-दीडशे माणसांचा जमाव, कडेवर मुले घेऊन, फाटकाकडे धावत सुटला. पहाऱ्यावर लेफ्टनंट कर्नल आर्पाद बेला आणि त्यांचे मूठभर शिपाई होते. शस्त्र चालविण्याचा नियम त्यांस ठाऊक होता; विचारास अवधी काही क्षणांचा. त्यांनी गोळी झाडू दिली नाही. त्या दुपारी सहाशेंहून अधिक माणसे पलीकडे गेली. मागे माळावर बाबागाड्या व पिशव्या राहिल्या, आणि आसपासच्या रस्त्यांवर ट्राबांट गाड्या.

यावरून मार्ग मोकळा झाला असे मात्र नाही. दोनच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या रात्री, कुटुंबासह सीमा ओलांडू पाहणारा एक पूर्व जर्मन गृहस्थ शिपायाशी झालेल्या झटापटीत गोळी सुटून मरण पावला. इकडे बुडापेस्टमध्ये झुग्लिगेत येथील चर्चच्या आवारात पाद्री इम्रे कोझ्मा यांनी निर्वासितांसाठी तंबू उभारले. ते भरले तशा आणखी छावण्या निघाल्या, त्यांतील एक बालाटनच्याच काठी. हंगेरीने १९६९ साली पूर्व जर्मनीशी करार केला होता की तिच्या नागरिकांस तिसऱ्या देशात जाऊ द्यावयाचे नाही. तो करार तहकूब करून १० सप्टेंबरच्या मध्यरात्री सीमा उघडण्यात आली. तंबू गुंडाळून, गाद्या टपावर बांधून, ट्राबांटांच्या रांगा ऑस्ट्रियाच्या दिशेने चालू लागल्या. पहिल्या तीन दिवसांत सुमारे पंधरा हजार लोक गेले. दोन महिन्यांनी, ९ नोव्हेंबरला, खुद्द बर्लिनची भिंतही उघडली.

पण सप्टेंबरातील त्या प्रवाशांस हे कोठून ठाऊक असणार? आपण कायमचे निघालो, अशाच समजुतीने ते ऑस्ट्रिया ओलांडून बव्हेरियात शिरले. तेथे डॅन्यूबकाठच्या फिल्सहोफेन गावी त्यांच्यासाठी छावणी तयार होती. इतक्या माणसांना पुरतील एवढ्या खोल्या कोठून आणावयाच्या, म्हणून नव्या देशातील पहिली रात्रही अनेक मुलांनी तंबूतच काढली.