गेलेन : प्रत्यक्ष आणि प्रामाण्य

ग्रीक वैद्य गेलेन याचा जन्म इ. स. १२९ मध्ये आशिया मायनरमधील पर्गमम नगरात झाला. तेथे ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करताना त्याला जखमांमधून मानवी शरीराचे अंतरंग पाहावयास मिळाले. पुढे रोममध्ये तो सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला.

धमन्यांतून वायू वाहतो, असे एरासिस्ट्राटस या पूर्वाचार्याचे मत होते. गेलेनने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग उघडला. आत रक्तच आढळले. पूर्वसूरींचे वचन प्रत्यक्षाने तपासावे, ही त्याची भूमिका होती.

तथापि तत्कालीन रोममध्ये मानवी शवविच्छेदनाचा प्रघात नव्हता. त्यामुळे माकडे, डुकरे, बैल यांच्या विच्छेदनावरून त्याने मानवी शरीररचना अनुमानिली. बैलाच्या मेंदूच्या तळाशी असणारे रक्तवाहिन्यांचे जाळे त्याने माणसातही मानले. वेसेलियससारख्या शरीरशास्त्रज्ञानेही १५३८ च्या आपल्या चित्रांत ते दाखविले; १५४३ मध्ये मात्र, स्वतः केलेल्या शवविच्छेदनाच्या आधारे, ते माणसात नसल्याचे त्याने लिहिले.

हा दोष एकट्या गेलेनचा नव्हे. त्याने तपासण्याची रीत दिली. उत्तरकालीनांनी रीत सोडून वचन तेवढे जपले. वेसेलियसने गेलेनला खोडले, ते गेलेनच्याच मार्गाने.