रंगवलेलं ऊन

अमेरिकी शर्मन रणगाडा अंगभर एकाच रंगाचा, ऑलिव्ह ड्रॅब म्हणजे मळकट हिरवा. पण मैदानात उभा असला की त्याच्या पाठीवर ऊन चमकतं आणि पोटाखाली अंधार असतो, म्हणून प्रत्येक पत्रा वेगळा दिसतो. हेच 5.9 मीटरचं धूड 1/35 प्रमाणातलं मॉडेल होऊन टेबलावर येतं तेव्हा जेमतेम 17 सेंटिमीटर भरतं. त्याच्यावर तोच रंग मारून पाहा, काळपट ढेकूळ दिसेल. रणगाडा आटला, खोलीतला दिवा नाही.

(1/35 हे आडनिडं प्रमाणही गंमतीचंच. जपानच्या तामियाने 1961 मध्ये पँथर रणगाड्याचं किट काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. तेवढ्या जागेच्या हिशेबाने जे प्रमाण आलं, तेच जगभर रुळलं.)

ढेकळावरचा पहिला उतारा बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन आणि शिकागोचे शेप पेन यांच्या पिढीने लोकप्रिय केला. खाचांत पातळ गडद रंग सोडायचा, म्हणजे वॉश. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवर घासायचा, म्हणजे ड्रायब्रशिंग. रेघा उठून दिसत, पण वरची कड आणि खालची कड सारखीच उजळे. ऊन कुठून येतंय याचा पत्ताच नसे.

तो पत्ता सैनिकांच्या छोट्या पुतळ्या रंगवणाऱ्यांना होता. सूर्य डोक्यावर धरून ते टोपीचा माथा उजळवत, हनुवटीखाली सावली घालत. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकी मॉडेलकार अ‍ॅडम वाइल्डर आणि स्पेनचा मिग हिमेनेस यांच्या कामातून हा विचार रणगाड्यांवर गाजला. नाव पडलं कलर मॉड्युलेशन. यात सूर्याशी इमान राखलंच पाहिजे असं नाही. एका पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावायची, एअरब्रशने त्या कडेकडे रंग फिका करत न्यायचा. टेप काढून पलीकडच्या पत्र्याची सुरुवात गडद ठेवायची. फिक्याला गडद भिडलं की कोपरा आपोआप धारदार होतो. बिजागऱ्या आणि कड्या सगळ्यात फिक्या रंगाने, हाताने. पुढे कंपन्यांनी एकाच रंगाच्या गडद ते फिक्या छटांचे तयार संचच विकायला काढले, आणि मग अतिरेकही झाला. काही रणगाडे कॉमिक्समधून उतरल्यासारखे दिसू लागले. माझ्या मते दोष तंत्राचा नाही. वरून येणारी धूळ, गंज आणि वॉश हा भडकपणा दाबतील असं त्यात गृहीत असतं, आणि माणसं त्याआधीच थांबतात.

एक ठिकाण मात्र सोडा. ब्रिटिशांनी शर्मनच्या फायरफ्लाय या प्रकाराची लांब तोफ शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून पुढच्या भागात तिचं पोट पांढरं रंगवलं होतं. सावली दिसू नये म्हणूनच दिलेला तो रंग. त्याच्यावर पुन्हा सावली रंगवू नका.