विम्याचा अर्ज आणि जुने दुखणे

आयुर्विम्याच्या छापील अर्जात आरोग्याविषयी काही प्रश्न असतात. गेल्या काही वर्षांत आपणांस कोणता आजार झाला होता काय, कोणा डॉक्टरांचे औषध घेतले होते काय? पांढुर्ण्याचा संत्र्यांचा बागाईतदार असो वा सौंसरचा कारकून, या रकान्यापाशी त्याची लेखणी थबकते. 'नाही म्हणून लिहा, पुढे कोण पाहतो?' असा सल्ला देणारा कोणीतरी शेजारी असतोच. (धोक्याचे छंदही अर्जात विचारलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी पांढुर्णा-सावरगावची गोटमार त्यात लिहावी की नाही, याचा खल आमच्याकडे कोणी केल्याचे ऐकिवात नाही.) पण त्या एका 'नाही'ला फार मोठा इतिहास आहे.

आज आजार हा एकेका माणसाचा मानला जातो. एके काळी हिंदी असणे हाच विमा कंपन्यांच्या लेखी आजार होता. 1818 साली कलकत्त्यास ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली, ती मुख्यतः येथील युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा उतरू लागला, तोही त्याचे आयुष्य कमी प्रतीचे समजून. धडधाकट मनुष्यालाही जादा हप्ता भरावा लागे. हा भेद मोडला मुंबईने. 1870 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेने हिंदी लोकांचा विमा सर्वसाधारण दराने उतरविला. त्यानंतर चारच वर्षांनी, 1874 मध्ये, मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कंपनी उभी राहिली. तिचे नाव आपणांस पुढे पुन्हा लागणार आहे.

वर्णावरून होणारी आकारणी गेली, तरी प्रकृतीवरून होणारी राहिली, आणि ती रास्तच होती. विमा ही सर्वांनी भरलेली समाईक थैली आहे. ज्याच्या जिवाला धोका अधिक, त्याने काही अधिक भरावे, हे न्यायाला धरून आहे. मात्र तो धोका विमेदारालाच ठाऊक असतो, कंपनीला नसतो. म्हणून 1766 साली इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी असा दंडक घातला की, विम्याच्या करारात दोन्ही पक्षांनी पूर्ण सचोटीने वागून महत्त्वाची गोष्ट दडवू नये. कंपन्यांनी याचा फायदा थोडा जास्तच घेतला. अर्जातील उत्तरे हाच कराराचा पाया, असे कलम त्या घालीत. मग वर्षानुवर्षे हप्ते भरून मनुष्य वारला, की एखादे क्षुल्लक उत्तर चुकीचे ठरवून विधवेला रिक्त हस्ते परत पाठवणे सोपे जाई. याला आळा बसला तो 1938 च्या विमा कायद्याच्या 45 व्या कलमाने. दोन वर्षांनंतर नुसत्या चुकीवरून पॉलिसी अमान्य करता येणार नाही; गोष्ट महत्त्वाची होती, विमेदाराने ती कपटाने सांगितली आणि खोटी असल्याचे त्याला माहीत होते, हे तिन्ही कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे ते कलम सांगे.

या कलमाची मोठी कसोटी आपल्या बाजूसच लागली. तेव्हाच्या मध्यप्रांतात, जबलपुरास, एका गृहस्थावर 1943 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एका डॉक्टरांनी उपचार केले होते. रक्तक्षय, पायांवर सूज, अतिसार आणि थोड्या श्रमाने लागणारी धाप, अशी ती दुखणी. पुढच्याच वर्षी विम्याच्या अर्जात त्याने हे उपचार लपविले. ओरिएंटलने 1945 च्या मार्चमध्ये 25,000 रुपयांची पॉलिसी दिली. मध्यंतरी हप्ते थकून ती बंद पडली, 1946 मध्ये पुन्हा चालू झाली, आणि त्याच वर्षी विमेदार वारला. 1947 मध्ये कंपनीने पैसे नाकारले. मिठूलाल नायक विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या नावाने हा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व 1962 साली निकाल लागला. दोन वर्षे मूळ पॉलिसीपासूनच मोजायची, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि हा आजार किरकोळ नव्हता आणि तो जाणूनबुजून दडविला, असे ठरून दावा बुडाला. भरलेले हप्तेसुद्धा परत मिळाले नाहीत.

ओरिएंटलच्या जागी महामंडळ कसे आले? 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचा कारभार सरकार हाती घेत असल्याचे जाहीर केले. उमेदीच्या काळात सनदी अधिकारी म्हणून त्यांनी याच मध्यप्रांतात चाकरी केली होती. देशी-विदेशी 245 कंपन्या व निधीसंस्था एकत्र होऊन 1 सप्टेंबरला महामंडळ अस्तित्वात आले. दोनच महिन्यांनी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला.

जबलपूरच्या त्या कागदांत 'रक्तक्षय' एवढाच शब्द होता. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार भारतात आढळला तो 1952 मध्ये, निलगिरीच्या डोंगरात. मध्यप्रदेश आणि विदर्भ या दोन्हीकडे तो पुष्कळ आहे. 1 जुलै 2023 रोजी याच राज्यातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली व गावोगाव रक्त तपासले जाऊ लागले. त्याच वर्षी पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पूर्वी ज्याला आपले दुखणे ठाऊकच नव्हते, त्याच्या हाती आता लेखी अहवाल आहे. 'मला माहीत नव्हते' असे त्याला म्हणता येणार नाही. परंतु वाहक आणि रुग्ण यांत अंतर आहे. एकाच पालकाकडून दोष आलेला वाहक बहुधा निरोगी आयुष्य जगतो. हा भेद दाखविणारा अहवाल अर्जास जोडणे त्याच्याच हिताचे. कंपनी फार तर जादा हप्ता मागेल, निर्णय पुढे ढकलील किंवा नकार देईल. आणि नकार जिवंतपणी मिळालेला बरा. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत 18 ते 50 वर्षे वयाच्या खातेदारास वैद्यकीय तपासणीवाचून वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते, हेही ध्यानात असू द्यावे.

लपविलेली प्रत्येक गोष्ट सारखी नसते. मोटेगावकर यांच्या प्रकरणात विमेदाराने कमरेच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला. पण त्यावर विसंबणे धोक्याचे, कारण 2020 मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका दाव्यात जुना आजार दडविल्याबद्दल कंपनीचा नकार उचलून धरला.

45 वे कलमही 2015 मध्ये बदलले. आता तीन वर्षे उलटली की कपटाच्या कारणानेही पॉलिसीला आव्हान देता येत नाही. त्या तीन वर्षांत विमेदार वारला आणि कंपनीने कपटाचा आरोप केला, तर तो खोडून काढण्याचे ओझे वारसांवर पडते; म्हणजे व्यवहारात, ज्या घरधनिणीने तो अर्ज कधी पाहिलाही नाही तिच्यावर. शिवाय मिठूलाल प्रकरणात मुदत मूळ तारखेपासून मोजली गेली होती, नव्या कलमात ती पुनरुज्जीवनापासूनही मोजतात. संत्र्याचा बहर गळाला, हप्ता चुकला आणि पॉलिसी दंड भरून पुन्हा चालू केली, की त्या बागाईतदाराची तीन वर्षे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतात.