मजल दरमजल : दिल्ली-आग्रा रस्त्यावरील कोस मिनार

'मजल दरमजल करीत' हा शब्दप्रयोग आपण मराठीत सहज करतो. त्यातील 'मजल' म्हणजे मूळ अरबी 'मंझिल', प्रवाशाचा एका दिवसाचा टप्पा. माणूस दिवसभरात किती चालेल, हा हिशेब एके काळी राज्यकारभाराचा भाग होता. त्याची साक्ष दिल्लीच्या परिसरात आजही उभी आहे.

बाबराने डिसेंबर १५२८ मध्ये आग्रा ते काबूल हे अंतर मोजण्याचा हुकूम काढला. दर नऊ कोसांवर मिनार आणि दर अठरा कोसांवर डाकेचे सहा घोडे, अशी ती योजना होती. पुढे शेरशाहाने रस्त्यांवर सराया बांधल्या. जहांगीराने १६१९ मध्ये आग्रा-लाहोर रस्त्यावर दर कोसाला एक मिनार आणि दर तीन कोसांना एक विहीर असावी, असा आदेश दिला. कोसाचे माप काळानुसार बदलत गेले. ढोबळमानाने ते तीन ते चार किलोमीटर धरावे. खाली अष्टकोनी, वर गोल, विटा-चुन्याचे हे मिनार. त्यांतील एक दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आहे, तर एक फरिदाबादच्या मुजेसर भागात.

ही व्यवस्था निव्वळ भूतदयेपोटी झाली, असे मानण्याचे कारण नाही. डाक, फौज आणि महसूल वेळेवर पोहोचावा, हा मूळ हेतू. परंतु सरकारी हरकाऱ्यासाठी मोजलेली वाट सामान्य वाटसरूलाही उपयोगी पडली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील सुमारे १,००० किलोमीटरच्या पायवाटेची कथाही अशीच आहे. चोरट्या व्यापारावर नजर ठेवण्यासाठी तटरक्षक जिथून गस्त घालीत, तिथून आज लोक हौसेने चालतात. फरक पुढे पडला. तिथे २००९ च्या कायद्याने संपूर्ण इंग्लंडच्या किनाऱ्यालगत पायवाट आखण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. आपल्याकडे मिनार संरक्षित वास्तू ठरले; वाटसरू मात्र कोणाच्याच यादीत उरला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी बदरपूरहून बल्लभगडपर्यंत मथुरा रस्त्याने चालत गेलो. जुन्या हिशेबाने हे अंतर एका मजलेपेक्षाही कमी. पदपथ मध्येच संपतो, आणि रस्ता ओलांडायचा तर वाहनांच्या कृपेची वाट पाहावी लागते. पाणी विकत मिळते. बसायला सावली मिळेलच असे नाही.

हा प्रश्न हौशी पदयात्रिकाचा नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि हजारो मजूर कुटुंबकबिल्यासह दिल्लीतून पायी निघाले. कित्येकांनी हाच आग्र्याचा रस्ता धरला. काहींना वाटेतच मृत्यू आला. चारशे वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर तीन कोसांना विहीर असण्याचा आदेश होता, त्याच रस्त्यावर त्यांना पाण्यासाठी गावकऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या दयेवर अवलंबून राहावे लागले.

अर्थशास्त्राच्या भाषेत रस्ता ही सार्वजनिक सोय आहे. तिचे मोजमाप आपण वाहनसंख्या, वेग आणि वाचलेला वेळ यांत करतो. पायी चालणाऱ्याचा वेळ त्या गणितात क्वचितच येतो. वास्तविक प्रत्येक रस्ता-प्रकल्पाच्या टिपणीत एक साधा रकाना असावा : चालणाऱ्याला पाणी कुठे, सावली कुठे आणि रात्रीचा निवारा कुठे? हे तीन प्रश्न जुन्या राजवटींनी स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना, विचारले होते. लोकशाही शासनाने ते लोकांसाठी विचारावेत, एवढीच अपेक्षा.